प्रेसनोटमधलं एक चांगलं वाक्य

"साहेब, मी तुमाला कुनाचं नाव सांगितलं व्हतं का?"

सखाराम माझ्या टेबलासमोर उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. हातात एक पाक्षिक होतं, घामाने ओलं झालेलं.

"नाही," मी म्हणालो. "कुणाचंच नाही."

"मंग ह्यात कसं आलं?"

मी तेव्हा आरटीओत मोटार वाहन निरीक्षक होतो. म्हणजे रस्त्यात गाडी अडवून कागद मागणारा, ज्याला बघून ड्रायव्हरच्या तोंडाला कोरड पडते तो खाकीतला माणूस. नव्वदच्या दशकाची अखेर असेल. नारायणगाव ते मंचर या लाईनवर काळ्या-पिवळ्या जीपा पळायच्या. त्यांचा परवाना टॅक्सीचा. म्हणजे एका पार्टीने गाडी ठरवायची, जायचं, यायचं. पण धंदा चालायचा माणशी भाड्याने, वाटेत हात दाखवील त्याला घेत. याला आमच्यात 'टप्पा वाहतूक' म्हणतात, आणि त्या लाईनवर तो हक्क एसटीचा. हे जीपवाल्यांना ठाऊक, आम्हाला ठाऊक, आत कोंबून बसलेल्या पब्लिकलाही ठाऊक. एसटी वेळेवर मिळत नाही म्हटल्यावर माणसं दुसरं काय करणार? तरी वरून आदेश आला की आम्हाला रस्त्यावर उतरावं लागायचं.

जीपवाल्यांची एक पद्धत होती. पुढे चेकिंग दिसलं की समोरून येणाऱ्या प्रत्येक जीपला भर उन्हात लाईट मारायची. लाईट दिसली की तो माणसं उतरवणार नाहीतर गाडी आडरस्त्याला घालणार. भांडण असलं, बोलणं बंद असलं, तरी लाईट मारायची म्हणजे मारायचीच. स्टँडचा तेवढा एकच कायदा, पण आमच्या सगळ्या कायद्यांपेक्षा तो कडक पाळला जायचा.

त्या दिवशी आम्ही कळंबजवळ आतल्या रस्त्याने एकदम हायवेला आलो. लाईट मारायला कुणाला सवडच मिळाली नाही. सखाराम थेट समोर आला. त्याच्या मागच्या जीपा उसाच्या शेताकडच्या वाटांनी पसार झाल्या. हा मात्र थांबला. मागच्या फळीवरसुद्धा माणसं लोंबकळत होती. त्याने सगळ्यांना उतरवलं, ज्याचं त्याचं भाडं परत दिलं, एसटीला हात केला आणि एका म्हातारीला हाताला धरून आत चढवलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "करा साहेब, काय करायचं ते."

मी मेमो केला. मेमो म्हणजे गुन्ह्याचा कागद. एरवी मेमो म्हटलं की लोक पुढाऱ्याचं नाव घेतात, गळा काढतात, नाहीतर अंगावर येतात. हा गप सही करून गेला. मला बरं वाटलं. पुढे परवान्याच्या सुनावणीत याला जरा सांभाळून घ्यावं म्हणून, कारवाईची जी प्रेसनोट आम्ही पेपरवाल्यांना पाठवायचो, तिच्या शेवटी मी एक वाक्य घातलं: चालकाने कारवाईत सहकार्य केले.

पाक्षिक हे वाहतूकवाल्यांचंच होतं. टायरच्या, बॅटरीच्या जाहिराती, मध्ये आमच्या खात्याच्या बातम्या. प्रत्येक गॅरेजात आणि जीपस्टँडवर हटकून पडलेलं असायचं. त्यात आता मथळा होता, 'काळ्या-पिवळ्यांचे रॅकेट उघड'. खाली सखारामचं नाव आणि गाडीचा नंबर. आणि पुढे, 'चालकाने लाईनवरील इतर जीपधारकांची इत्थंभूत माहिती पुरवल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. लवकरच मोठी कारवाई.'

अहो, मी असलं काही बोललोच नव्हतो! रॅकेट हा शब्द तर माझ्या बापजन्मात मी कागदावर लिहिला नव्हता.

त्यात आधीच ठरलेलं दुसरं चेकिंग नेमकं त्याच आठवड्यात झालं आणि बऱ्याच जीपा सापडल्या. स्टँडवर मग कोण कशाला ऐकतंय?

"नंबर देत न्हाईत मला," सखाराम म्हणाला. नंबर म्हणजे स्टँडवरची पाळी. पुढची जीप भरली की मागचीचा नंबर. नंबर नाही तर पॅसेंजर नाही. "आन् कुनी लाईट पन मारत न्हाई साहेब. माझा चुलतभाऊ परवा समोरून आला. त्यानं पन नाय मारली."

जीपचा धंदा बसल्याचं दुःख होतंच, पण चुलतभावाचं त्याला जास्त लागलं होतं.

खुलासा पाठवावा म्हणून मी तडक आमच्या वरच्या साहेबांकडे गेलो. पाक्षिकाचं कात्रण त्यांनी आधीच वरच्या ऑफिसला पाठवलं होतं.

"खुलासा कशाला?" साहेब म्हणाले. "ऑफिसचं नाव चांगलंच आलंय की."

"पण सर, आपण असं म्हटलेलंच नाही."

"म्हटलं नाही, पण वाईट काय आहे त्यात?"

मग संपादकांना फोन लावला. माणूस गोड बोलणारा.

"साहेब, नुसतं सहकार्य केलं असं छापलं तर वाचक विचारतो, म्हणजे केलं तरी काय? तेवढं आम्ही भरलं. कोरडी प्रेसनोट वाचतो कोण?"

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या त्या भरण्यापायी एका माणसाचा धंदा बसलाय," मी ओरडलो. "खुलासा छापा."

"छापतो की! त्यात काय एवढं!"

आणि छापला हो. मथळा दिला, 'प्रामाणिक चालकाला अधिकाऱ्यांची शाबासकी'. मजकुरात मी सखारामची पाठ थोपटल्याचं, आणि असे चालक असतील तर खात्याचं काम सोपं होईल असं भावुक होऊन म्हणाल्याचं वर्णन होतं. नावं सांगितली नाहीत, हे एवढं एकच छापायचं होतं. तेच नव्हतं.

शेवटी मूळ प्रेसनोट खिशात घालून मी स्वतः स्टँडवर गेलो. जीपवाले चहाच्या टपरीपाशी उभे होते. मी त्यांना ती वाचून दाखवली. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यातला एक वयस्क ड्रायव्हर म्हणाला, "राव, खोटं कशाला बोलू? आमच्यातल्या कुनासाठी आरटीओचा सायेब आजपातूर स्टँडवर आला न्हाई. ह्याच्यासाठीच कसा आला?"

सखाराम लांब आपल्या जीपपाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझ्या येण्याने उरलंसुरलंही गेलं, हे त्याला माझ्या आधी कळलं. सुनावणीत त्याचा परवाना वाचला. स्टँड मात्र सुटला तो सुटलाच. त्याने जीप विकल्याचं पुढे कानावर आलं.

काही वर्षांनी, उसाच्या सीझनमध्ये, पारगावच्या रस्त्यावर मी एक ट्रक अडवला. ऊस पार वरपर्यंत रचलेला. केबिनमधून सखाराम उतरला. दाढी पिकली होती. दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता.

"चुलतभाऊ बोलतो का आता?" मी विचारलं.

"लग्नाकार्यात बोलतो," तो म्हणाला. "तेवढंच."

गाडी ओव्हरलोड होती, मेमो करावाच लागला. त्याने पूर्वीसारखीच गप सही केली आणि विचारलं, "साहेब, ह्ये पेपरला जानार का?"

"बहुतेक जाईल."

"जाऊ द्या. फक्त माझ्याबद्दल काय चांगलं लिहू नका."

मी मेमोची कॉपी फाडून त्याच्या हातात दिली. स्टँडवरच्या त्या दिवसापासून माझ्या प्रेसनोटमध्ये गाडीचा नंबर, कलम आणि दंड एवढंच असायचं. चालक कसा वागला, हे मी निवृत्तीपर्यंत पुन्हा कधी लिहिलं नाही.