वहीची जाडी

पर्यावरणाच्या सक्तीच्या विषयाचे प्रकल्प मी न वाचता, वहीची जाडी बघून तपासले. शिरूरच्या कॉलेजात मी त्या विषयाच्या समितीचा प्रमुख होतो, आणि समितीचं काम म्हणजे सही करणं, असा माझा समज होता.

आमच्या ऑफिसातला क्लार्क गुऱ्हाळांच्या राहू गावचा. कुणाचंही बोलणं संपायच्या आत तो ‘व्हय, व्हय’ म्हणायचा. प्राध्यापकांसमोर कधी बसायचा नाही. गठ्ठ्याला दोरी बांधण्याआधी मात्र प्रत्येक वही उभ्याउभ्या वाचून काढायचा. त्याच्या या खोडीवर मी स्टाफरूममध्ये विनोद करत असे.

निकाल लागल्यावर त्यानं एक तीन पानांची वही माझ्यापुढं ठेवली. एका मुलीनं गावातल्या विहिरी स्वतः हिंडून, पाणी बघून लिहिलेली. बाकीच्या जाडजूड वह्या बाजारातल्या एकाच झेरॉक्सवाल्याकडच्या. त्या पास झाल्या, ही नापास. आता तिची पदवी अडकली होती.

“दुरुस्तीचा अर्ज टाईप करून आणलाय, सर. नुसती सही करा.”

अर्जात ‘वही न वाचता गुण दिले’ असं स्वच्छ लिहिलं होतं. कशावरही सही करणारा माझा हात तिथं मात्र थांबला.

“पुढच्या वर्षी देईल की परत,” मी म्हणालो.

या वेळी तो ‘व्हय’ म्हणाला नाही. समोरची खुर्ची ओढून बसला.

“आमच्याकडं गुळाची ढेपबी चाखल्याबिगर कोण घेत न्हाई, सर. तुमी पोरीचं वरीस नुसतं वजनावर घालवलं.”