मामाने मुलगा पाहिला

आमच्या दादामामाच्या घरी पाहुणा आला, की पायरी चढायच्या आत त्याच्या अंगावर पहिला प्रश्न यायचा, "आलात? बरं झालं. जाणार कधी?" नवखा माणूस बॅग हातात धरून तिथेच थिजायचा. लग्नानंतर पहिल्यांदा रत्नागिरीला आलेला माझा नवरा तर इतका गोरामोरा झाला, की पाय धुता धुता परतीच्या गाडीची चौकशी करायला लागला. मामा मात्र मनापासून विचारायचा. फणस कधी फोडायचा, आढीतले आंबे किती काढायचे, मोदक पहिल्या दिवशी की शेवटच्या, हे सगळं त्या उत्तरावर ठरायचं. शिवाय समोरच्याचा उडालेला चेहरा बघायची हौस होतीच. "विचारून ठेवावं गो अनू," तो मला म्हणायचा, "तोंडाने नाही दिलं तर माणूस चेहऱ्याने उत्तर देतो."

मामाने आयुष्यभर एका सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात वडिलांनी लावलेली हापूसची कलमं सांभाळली. कलमांचा सौदा करायला एकदा मुंबईहून एक बडा व्यापारी आला. गळ्यात साखळी, कानाला फोन. मामाने त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "आपण झोपताना कोणत्या कुशीवर झोपता?" तो माणूस गडबडला, म्हणाला, "डाव्या... का हो?" मामा म्हणाला, "काही नाही. आता खरा भाव सांगा." आणि त्या बिचाऱ्याने खरंच सांगितला! मामी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होती.

असा हा माणूस जगात एकाच व्यक्तीला घाबरायचा, ती म्हणजे माझी आई. ती त्याची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली आणि आईनेच त्याला भरवून, न्हाऊ घालून, धपाटे घालून मोठा केला. घरात मामा बोलायचा खूप. पण शेवटचा शब्द ताईचा, मग ताई पुण्यात का असेना.

म्हणूनच केतकीचं प्रकरण अडलं. केतकी ही मामाची एकुलती एक मुलगी. तिने मुलगा ठरवला, निनाद. मुलगा रत्नागिरीचाच, इंजिनीअर, निर्व्यसनी म्हणावा असा सरळ. फक्त त्याने मिरजोळ्याच्या एमआयडीसीत जुनी शेड घेऊन बिअर बनवायचा उद्योग काढला होता, आणि तिथेच लोकांना बसून ती प्यायला एक टॅपरूम. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "बिअर म्हणजे दारूच ना? मग नाव कशाला फिरवता?" आणि पुढे म्हणाली, "दारू गाळणाऱ्याच्या घरात आमची पोर जाणार नाही. मी जिवंत आहे तोवर तरी नाही."

मे महिन्यात मी आईला घेऊन मामाकडे गेले तेव्हा घराला सुतक आल्यासारखं झालं होतं. केतकी आपल्या आत्याशी बोलत नव्हती. ती बापाला म्हणाली, "तुम्ही बहीण-भाऊ बसा गप्पा मारत. आम्ही रजिस्टर करून येतो, आणि या घराची पायरी परत चढणार नाही." मामीने देव पाण्यात ठेवले होते. मामा मात्र आढीतले आंबे मोजत बसला होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी घावन खाता खाता तो म्हणाला, "ताई, दुपारी मुलगा बघायला जाऊ या. रीतसर."

"माझा नकार आहे, दादा."

"आहेच ना. पण नाही म्हणायला तरी समोर जायला हवं की नको?"

आईला हे पटलं. तोंडावर नाही म्हणायची संधी ती सोडत नाही. तिने इस्त्रीची साडी काढली. मामीने रव्याचे लाडू डब्यात भरले, बघायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. "आई, तिथे बाहेरचं खाणं चालत नाही गं!" केतकी कळवळून म्हणाली. "मग त्यांनी आपलं समजावं," मामी म्हणाली.

शेड छान होती. एका बाजूला माणसापेक्षा उंच चकचकीत टाक्या, समोर लांब लाकडी टेबलं, फळ्यावर खडूने लिहिलेली नावं: कैरी, कोकम आणि काय काय. शेजारच्या टेबलावर अर्ध्या चड्डीतले मुंबईचे चार पर्यटक होते. आई नाकाला रुमाल लावून खुर्चीच्या कडेवर बसली. भिंतीवर 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी होती, मामीने डबा बरोबर तिच्याखाली ठेवला.

निनाद आतून आला. हातात लाकडी फळी, फळीत ओळीने बसवलेले छोटे छोटे ग्लास, चव बघायला. ती फळी दोन्ही हातांनी सांभाळत, खाली बघत तो येत होता, आणि माझ्या काळजात चर्र झालं. ही तर पोह्यांचा ट्रे घेऊन येणारी मुलगी!

मामाच्याही ते लक्षात आलं असणार. तो ताठ बसला आणि म्हणाला, "नाव काय तुझं?"

"काका, तुम्हाला माहीत आहे की. निनाद."

"पूर्ण सांग. स्पष्ट बोल."

त्याने सांगितलं.

"हे सगळं तू स्वतः केलंस, की आईने मदत केली?"

"स्वतःच, काका."

"शिवणटिपण?"

"बटण... बटण लावतो."

"गाता येतं? म्हण एखादं."

मी केतकीकडे बघितलं, केतकी छताकडे बघत होती. पूर्वी मुलींना विचारायचे ते सगळे प्रश्न मामा एकामागून एक सोडत होता, चेहऱ्यावर सुरकुतीही हलू न देता. निनादने घसा खाकरला आणि त्या बिअरच्या टाक्यांसमोर शाळेतली प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. पर्यटकांपैकी एकजण सवयीने हात जोडून उभाच राहिला. मामी टेबलाखाली माझी मांडी चिमटत होती.

"बरं. आता जरा चालून दाखव. त्या टाकीपर्यंत जा नि ये."

निनाद गेला नि आला, फळीसकट.

"डावा पाय फेंगडा पडतो काय रे? परत जा."

तो परत गेला.

"बाबा, पुरे!" केतकी ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तू गप. बघायला आलोत आपण. अजून एकदा, रे. आणि ती पँट घोट्याच्या वर धर. पाऊल बघू दे."

फळी टेबलावर ठेवून तो वाकला आणि खरंच पँट वर धरून उभा राहिला. कान लालबुंद झाले होते. आईच्या नाकावरचा रुमाल केव्हाच खाली आला होता. तिने टेबलावर हात आपटला.

"दादा, बसव त्याला!"

मामा म्हणाला, "अगो, पण अजून..."

"बसव म्हणते ना! माणूस आहे तो. गुरांच्या बाजारात आलायस काय रे, मेल्या?" ती उठली, निनादचा दंड धरून तिने त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि तोच रुमाल त्याच्या हातात दिला. "घाम पूस, बाळा. लाडू खा. याच्याकडे लक्ष देऊ नकोस, हा खुळा आहे लहानपणापासून."

निनादने पाटीखाली बसून लाडू खाल्ला. मामाने डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "मग ताई, मुलाकडच्यांना काय सांगायचं?"

"मला काय विचारतोस? पोर तुझी."

"तुलाच विचारतोय. तुला पसंत आहे का?"

आई त्याच्याकडे बघत राहिली, इतकी, की मला वाटलं आता ही त्याला सगळ्यांसमोर धपाटा घालणार. मग म्हणाली, "दारू मला आवडत नाही. उद्याही आवडणार नाही. पण मुलगा चांगला आहे. पसंत आहे मला."

केतकी तिच्या गळ्यातच पडली. मामाने कोकमाचा ग्लास उचलून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि जाहीर केलं, "सोलकढी तीन दिवस विसरली, की अशी लागते. छान आहे."

लग्न दणक्यात झालं. मामा मागच्या श्रावणात गेला, दोन दिवसांच्या तापाने, कुणाला फार त्रास न देता. दिवसकार्य झाल्यावर आम्ही पडवीत बसलो होतो, तेव्हा निनाद आईला चाचरत म्हणाला, "आत्या, एक सांगायचं राहिलंय. तुम्ही सगळे यायच्या आदल्या दिवशी केतकीचे बाबा एकटेच स्कूटरवरून शेडवर आले होते. म्हणाले, उद्या मी तुझा जीव काढीन. हसायचं नाही, चिडायचं नाही. ताई बसव म्हणेपर्यंत उभा राहा."

मला वाटलं आता आई खवळणार. ती शांतपणे म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. चालून दाखव म्हणाला ना, तेव्हा. मला असंच चालवलं होतं, साडी घोट्यावर धरायला लावून. घर माणसांनी भरलेलं. दादा नुकता कॉलेजात जायला लागला होता. तो एकटा मध्ये बोलला, ताईला बसू द्या म्हणाला. आमच्या वडिलांनी पाहुण्यांदेखत त्याच्या कानाखाली काढली."

"मग त्या पाहुण्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? होकार कळवला त्यांनी. तुझे बाबा ते."

मी न राहवून म्हटलं, "आणि तुला? तुला पसंत आहे का, हे कुणी विचारलं?"

"दादाने विचारलं की. त्या गुत्त्यात." आईने पदराने डोळे पुसले आणि तिला एकदम हसू फुटलं. "मुलगा तेवढा केतकीचा होता."