सासऱ्याचा खून, दुपारी दोन ते चार

हुपरीत सून म्हणून आले तेव्हा मला दोनच गोष्टी चांगल्या जमायच्या: मोठ्यानं वाचणं आणि मनातल्या मनात कुरकुरणं. पैंजण करणं जमत नव्हतं. मी कोल्हापूरची. आम्ही पैंजण विकत घेतो आणि घालतो, ते होतात कसे याची चौकशी करत नाही. सासरी मात्र घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, चांदीच्या कड्या एकमेकींत ओवायच्या. मोठ्या जाऊबाई डाख देऊन सांधे पक्के करायच्या. शेजारच्या काकी घुंगरं बसवायला यायच्या. आणि मामा, म्हणजे सासरे, कोपऱ्यात बसून तयार झालेला प्रत्येक पैंजण कानाजवळ धरून हलवायचे आणि आवाज पसंत पडला की बाजूला ठेवायचे. मला काकींच्या हाताखाली दिलं होतं. काकी माझ्या कामाकडे बघून नुसत्या उसासा टाकायच्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

वाचनाला सुरुवात झाली ती मोबाइलच्या भांडणातून. व्हिडिओ बघता बघता काकींनी जोडीतली सगळी घुंगरं एकाच पैंजणाला बसवली आणि दुसरा मुका ठेवला. मामांनी त्या दिवसापासून कामाच्या वेळी मोबाइल बंद केले. दुसऱ्या दिवशी खोलीत अशी काही शांतता पसरली की जणू घरात कुणी आजारी असावं.

"हात गुतल्यात, कान मोकळं हायत," मामा म्हणाले. "सूनबाई, कायतरी वाच की."

गावातल्या वाचनालयातून मी एक जुनी रहस्यकादंबरी आणली. नाव सांगत नाही. पुढे मी त्या लेखकाचं जे काही केलं ते वाचून त्याच्या घरच्यांना वाईट वाटायचं. कधीकाळी गावोगावच्या लोकांनी ती रांग लावून वाचली असणार, कारण पानं जुन्या लुगड्यासारखी मऊ झाली होती आणि समासात वाचकांचे वाद चालू होते. एका पानावर कुणीतरी शाईनं ठासून लिहिलं होतं, 'हाच खुनी'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'आपला अभ्यास कमी पडतो.' तेही मी वाचून दाखवलं. काकी म्हणाल्या, पहिलं अक्षर बाप्याचं असणार.

गोष्ट उसाच्या पट्ट्यातल्या एका गावची. एका बड्या बागायतदाराला सकाळच्या चहातून कुणीतरी विष दिलेलं. संशय चौघांवर: त्याचा धाकटा भाऊ, थोरला मुलगा, गावचे मास्तर आणि नवी, शिकलेली सून. तपास करणारा होता गुरांचा डॉक्टर. म्हशी तपासायच्या निमित्तानं तो सगळ्यांच्या परसात शिरायचा आणि माणसं तपासून यायचा.

"सासऱ्यालाच मारलं?" आत्ती पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "बरं झालं. न्हाईतर समद्या गोष्टीत सासूच वाईट असती."

मामा खाकरले.

रोज दुपारी दोन ते चार वाचन. आठवड्यात मामांनी एक शोध लावला. गोष्टीत कुणी दार ढकललं, कुणाची सावली हलली, की सगळ्यांचे हात थांबतात. आणि नदी, ढग, उसाचे तुरे यांचं वर्णन आलं की कंटाळून सगळे भराभर काम उरकतात. त्यामुळे माल पाठवायची घाई असली की मामांचा हुकूम सुटायचा, "आज फकस्त वर्णनं वाच." मग मी पुढची-मागची पानं धुंडाळून सूर्योदय काढायची. एकदा एकाच दुपारी तीन सूर्योदय आणि एक महापूर झाला. जाऊबाई वैतागून म्हणाल्या, "ह्या गावात माणसं हायत का न्हाईत?"

मग ते पैंजणांचं प्रकरण आलं. पावसाळ्यातली पहाट. मेलेल्याचा धाकटा भाऊ जबानी देतो की, आपण जागे होतो आणि उसातून घराकडे येणारा पैंजणांचा आवाज आपण कानांनी ऐकला, छुम छुम छुम. विषाची बाटली उसातल्या खोपीत सापडलेली, आणि घरात पैंजण घालणारी एकटी सून. मी हे वाचलं आणि वर बघितलं तर चौघंही माझ्याकडे बघत होते.

"पावसात?" काकी म्हणाल्या.

"उसाच्या सरीतनं?" जाऊबाई म्हणाल्या.

मामांनी हातातला पैंजण खाली ठेवला. "चिखलात घुंगरू वाजतंय व्हय कुठं?"

वाद नको म्हणून प्रयोगच झाला. परसात बादलीभर पाणी ओतून चिखल केला. काकींनी लुगडं वर खोचलं, दुरुस्तीला आलेली एक जुनी भरघुंगरांची जोडी पायात घातली आणि चालू लागल्या. चार पावलं छुम छुम, पाचव्याला खुळ्ळ, आणि मग काहीच नाही. मामांनी पैंजण काढून घेतला, चिखलासकट कानाजवळ धरून हलवला आणि निकाल दिला, "मुकं झालं."

"म्हंजे भाऊ खोटं बोलतोय," आत्ती म्हणाल्या. "सुनेनं खून केल्याला न्हाय. बिचारीवर उगंच आळ."

सासूच्या तोंडून सुनेसाठी 'बिचारी' हा शब्द त्या खोलीत मी प्रथमच ऐकला. तो मला उद्देशून नव्हता, तरी मी तो मनात जपून ठेवला. कारण माझ्या पर्समध्ये तेव्हा चार दिवसांपासून एक पत्र होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. रोज बसनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. घरी अजून विचारलं नव्हतं. नवरा म्हणत होता, "तू विचार, मी मागं हाय." विचारायची वेळ आली की तो खरंच मागं असायचा, मागच्या दारी, गाडी पुसत. मी ठरवलं, शुक्रवारी कादंबरी संपेल, सगळे खुशीत असतील, तेव्हा विचारायचं.

शुक्रवारी सकाळी मी शेवटचं प्रकरण आधीच वाचून घेतलं. खून सुनेनंच केला होता. शिकलेली, शहरातून आलेली, घरात मन न रमणारी सून. तिला वाटणी करून शहरात जायचं होतं, म्हणून तिनं सासऱ्याच्या चहात विष घातलं. लेखकानं शेवटी दोन पानं शिकलेल्या सुनांबद्दल उपदेशही केला होता. हे सगळं मी दुपारी मामांच्या समोर वाचायचं, आणि पुस्तक मिटून म्हणायचं, 'मामा, मला शहरात नोकरीला जायचंय.' शिवाय मामांना चारचा चहाही मीच द्यायची.

मला फार भीती वाटली. मग रागही आला, आणि रागाच्या भरात मी लेखकाला बाजूला सारलं.

दुपारी पुस्तक नाकासमोर धरून मी मनाचंच वाचत गेले. गुरांच्या डॉक्टरनं परसात चिखल करवला. एका म्हातारीला पैंजण घालून चालायला लावलं. पाचव्या पावलाला घुंगरं मुकी झाली. धाकटा भाऊ मटकन खाली बसला आणि त्यानं सगळं कबूल केलं. मी वेळेवर पानंही उलटत होते. काकींनी मांडीवर थाप मारली. "बघा, लेखकाला बी कळालं की!" आत्ती समाधानानं हसल्या. फक्त मामांनी हातातला पैंजण न हलवताच खाली ठेवला. ते माझ्याकडे नाही, पुस्तकाकडे बघत होते. मी घाबरून पत्राचं काही बोललेच नाही.

शनिवारी सकाळी मामा म्हणाले, पुस्तक मी परत देऊन येतो. वाचनालय पाच मिनिटांवर. मामा दीड तासानं आले आणि पुस्तक त्यांच्या हातातच होतं. ते कोपऱ्यात बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "पन्नास वर्सामागच्या पुस्तकात आपल्या परसातला चिखल कसा आला, एवढंच बघाय गेलतो. पोरीनं शेवट बदललाय."

खोलीतले सगळे हात थांबले.

"खरा वाच," आत्ती म्हणाल्या.

मी वाचला. सुनेनं चहात विष घातलं इथपासून उपदेशाच्या दोन पानांपर्यंत सगळा वाचला आणि मान खाली घालून बसले. आता सगळे माझ्याकडे कसे बघत असतील, ते मला बघायचं नव्हतं.

आत्तींनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मिटलं आणि बाजूला ठेवलं. "ज्याला पैंजणातलं कळत न्हाय, त्याला सुनंतलं काय कळणार?" त्या म्हणाल्या. "पर तू खोटं कशापायी वाचलीस?"

मग मी पर्समधून पत्र काढलं. सांगता सांगता रडू आलं. शिकलेली सून म्हणजे घर फोडणारी असं तुम्हाला वाटेल, तुम्ही माझ्याकडे त्या बाईसारखं बघाल, असं सगळं तुटक तुटक बोलून टाकलं. मागच्या दारी गाडी पुसायचा आवाज थांबला.

मामांनी पत्र दोनदा वाचलं. "आज शनवार," ते म्हणाले. "सोमवारी हजर व्हायचं आणि तू आत्ता सांगतीस? पैलं जाऊन च्या कर समद्यांना." मग पत्राची घडी घालत म्हणाले, "माज्यात साखर कमी घाल. दुसरं कायबी घालू नगं."

जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मला मात्र अजून उत्तर मिळालं नव्हतं. मी तशीच उभी राहून आत्तींकडे बघत होते.

"जा की," आत्ती म्हणाल्या. "तुला कोण धरलंय? तशी बी तू बसवल्याली घुंगरं दुसऱ्या दिशी सुटत्यात. तू च्या ठेवाय आत गेलीस की काकी ती काढून परत बसवत्यात. लगीन झाल्यापासनं."

सहा महिने माझा एकही पैंजण मामांनी नापसंत केला नव्हता. हात बसला, असं मी माहेरी फोन करून सांगितलंही होतं. मी काकींकडे वळले.

"समदी न्हाय गं काढत," काकी म्हणाल्या. "एखादं दुसरं काढावं लागतंय. बाकीचं चांगलं असतंय तुजं."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हातातल्या घुंगरावरच नजर ठेवून, न अडखळता, सगळं एका सुरात म्हणाल्या. आदल्या दिवशी दुपारी मीही अगदी तसंच वाचलं होतं.