थांबाकाकांचं प्रॅक्टिकल

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहायचं. कॉलेजात सगळे त्यांना थांबाकाका म्हणत. कारण कॉम्प्युटर लॅबमध्ये कुणाचंही बोट 'नेक्स्ट'च्या बटणाकडे निघालं की मागून आवाज यायचा, "थांबा." मोठा नाही, रागाचाही नाही. पंख्याखालच्या कागदावर कुणी अलगद पेपरवेट ठेवावा, तसा.

हुद्द्याने काका शिपाई. सकाळी लॅब उघडायची, वीस मशीनची कव्हरं काढायची, स्क्रीन पुसायचे, संध्याकाळी पुन्हा कव्हरं चढवायची. पण वर्ष सुरू झालं की पहिल्या आठवड्यात त्यांचा भाव वधारायचा. नव्या पोरापोरींनी आपापले लॅपटॉप आणायचे आणि त्यांत प्रोग्राम लिहायचं, चालवायचं सॉफ्टवेअर टाकायचं, हे त्या आठवड्याचं काम. कुणाचं विंडोज, कुणाचं मॅक, एखादीने मोठ्या भावाचा टाकून दिलेला लॅपटॉप उचलून आणलेला, त्यात लिनक्स. शिकवणारे सर फळ्यावर वेबसाइटचा पत्ता लिहायचे, 'सोपं आहे, करून टाका' म्हणायचे आणि चहाला जायचे. पंधरा मिनिटांत लॅबचा बाजार व्हायचा. मग काका खुर्च्यांच्या मागून फेरी सुरू करायचे.

विंडोजवाल्यांना ते पहिल्याच खिडकीत अडवायचे. तळाशी एक बारीक चौकोन असतो, त्यात बरोबरची खूण केली नाही तर सॉफ्टवेअर मशीनमध्ये येतं, पण हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीतून नाव घेऊन बोलावलं तर ओ देत नाही. पोरं चौकोन न बघता नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटायची आणि शेवटी 'काका, आलंय पण चालत नाही' म्हणून हाका मारायची. मॅकवाल्यांची वेगळीच तऱ्हा. उतरवलेल्या सॉफ्टवेअरचं चित्र ओढून फोल्डरमध्ये टाकायचं असतं; ही मंडळी ते तिथल्या तिथेच उघडून कामाला लागायची. काका म्हणायचे, पाहुण्याला उंबरठ्यावर उभं करून गप्पा मारताय, आत तर घ्या. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं की पाहुणा गायब असायचा. आणि लिनक्सवर पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काही म्हणजे काही उमटत नाही, ठिपकाही नाही. दर वर्षी कुणीतरी घाबरून कीबोर्ड उलटा करून झटकायचंच. काका सांगायचे की कीबोर्ड ठणठणीत आहे, दिसत नसलं तरी पोहोचतंय, तुम्ही टाइप करा.

सोळा वर्षं असं चाललं होतं. आणि या सोळा वर्षांत काकांनी एकाही कीला बोट लावलं नव्हतं.

त्याचंही कारण होतं. ते लागले तेव्हा विभागाचे प्रमुख एक जुने, करडे सर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, फडकं फिरवायचं, बटण दाबायचं नाही. काकांनी हात पाठीमागे बांधले ते बांधलेच. सर निवृत्त झाले, पण 'आता सोडा हात' असं सांगायला कुणी आलं नाही. घरी कॉम्प्युटर नव्हता, मोबाइलवर ते बोलून निरोप पाठवायचे. त्यामुळे काकांची सगळी विद्या डोळ्यांत आणि तोंडात. हात बिचारे कोरे.

हे कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. ते उघडकीला आलं एका पत्रकामुळे.

यंदा वरून हुकूम आला: वर्ग चालू असताना लॅबमध्ये फक्त शिक्षक आणि लॅब असिस्टंट थांबतील. शिपायांनी ऑफिसच्या दाराशी बसायचं. विभागप्रमुख आता एक बाई होत्या, घाईत बोलणाऱ्या पण मनाने सरळ. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं की असिस्टंटची एक जागा आतल्या माणसातून भरता येते, शिक्षणाची अट नाही, पण प्रॅक्टिकल द्यावं लागेल. एका तासात तीन मशीनवर, तिन्ही वेगवेगळ्या सिस्टिमवर, ते सॉफ्टवेअर टाकून चालू करून दाखवायचं. बाहेरचे परीक्षक येणार.

"तुम्हाला काय, झोपेतही जमेल," बाई म्हणाल्या.

काका हसले. हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून बाहेर आले. जमलं नाही तर ऑफिसच्या दाराशी स्टूल, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'साहेब आहेत का' याचं उत्तर, आणि लॅब फक्त कुलूप लावण्यापुरती.

घरी गेल्यावर त्यांनी हाताने लिहिलेला अर्ज बायकोपुढे ठेवला. ती एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट. करारनामे, नोटिसा, दिवसाकाठी चाळीस पानं. अर्ज उद्या ऑफिसात टाइप करून आण, असं काका शक्य तितक्या सहज सुरात म्हणाले.

बायकोने अर्ज वाचला, कागद बाजूला ठेवला आणि चष्म्यावरून बघितलं.

"अहो, तुम्ही दिवसभर वीस कॉम्प्युटरांत असता ना?"

"असतो."

"मग एकावर एक पान टाइप करायला काय धाड भरली?"

काकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सांगून टाकलं. एल कुठे असतो ते आपल्याला माहीत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली दिसतो, आपल्या हाताखाली आला की हरवतो.

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती आधी हसलीच, चांगलं पोट धरून. मग विचारलं की परीक्षा कधी आहे. दहा दिवसांनी, म्हटल्यावर तिचं हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी तिने वकिलाच्या माळ्यावरून एक जुना कीबोर्ड आणला, कशालाच न जोडलेला, वायर लोंबकळणारा. स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि नवऱ्याला शिकवणी लावली.

शिकवणारी ती कडक होती. डाव्या हाताची करंगळी 'ए'वर, उजव्या हाताची तिकडच्या टोकाला, मनगट उचललेलं, नजर समोर. समोर फ्रिज होता. काका फ्रिजकडे बघत नसलेली अक्षरं टाइप करायचे आणि ती भाजी चिरता चिरता नुसत्या आवाजावरून ओळखायची की कुठलं बोट चुकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुमची बोटं म्हणजे लग्नात पहिल्यांदा नाचायला काढलेले मामा. पाचव्या दिवशी तिने दहा बोटांचा नाद सोडला. चार बोटं पुरे म्हणाली. फक्त ती डावी करंगळी मात्र तिने काही केल्या सोडली नाही. 'ए' करंगळीचाच, तिथे दुसरं बोट चालणार नाही.

आणि एकदा, कीबोर्ड गुंडाळून ठेवताना, सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "दाराशी बसवलं तर फार वाईट वाटेल का हो?"

काका म्हणाले, "पगार तोच आहे."

"मी पगाराचं विचारलं नाही."

 ती पुन्हा त्या विषयाला गेली नाही; मात्र त्या दिवसापासून शिकवणी अर्धा तास वाढली.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे कव्हरं काढली. तीन मशीन मांडून ठेवली होती: एक विंडोजचा डेस्कटॉप, मधे बाईंचा स्वतःचा मॅक, आणि टोकाला लिनक्सचा जुना डेस्कटॉप. परीक्षक सडपातळ, अबोल, खिशाला दोन पेनं. त्यांनी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि बसा म्हणून खूण केली.

बसा. इथेच काकांना पहिला धक्का बसला. या खोलीत ते कधी बसलेच नव्हते. खुर्चीवरून लॅब ठेंगणी आणि अनोळखी दिसत होती, आणि स्क्रीन नाकाशी.

तरी विंडोजवर त्यांनी धीर धरला. नुसता वेबसाइटचा पत्ता टाइप करायला सात मिनिटं गेली. पण पुढची एकेक खिडकी त्यांनी नेहमीसारखी डोळ्यांखालून घातली, खालच्या चौकोनात खूण केली, आणि एकविसाव्या मिनिटाला सॉफ्टवेअर उघडलं. मॅकचा कीबोर्ड वेगळा, चपटा. तिथे पुन्हा तोच पत्ता, पुन्हा तीच शोधाशोध. चित्र फोल्डरमध्ये ओढताना मधेच सुटलं, ते पुन्हा पकडून नेलं. 'हे इंटरनेटवरून आलंय, खरंच उघडायचं का' असं मशीनने विचारलं, त्याला हो म्हटलं. घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती. बाई दाराशी उभ्या राहून उगाच पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

उरला लिनक्स. तिथे एकच लांबलचक ओळ टाइप करायची असते, ती काकांना तोंडपाठ होती. शेकडो पोरांना त्यांनी ती अक्षर अक्षर सांगितली होती. आज स्वतःला सांगत ती त्यांनी पाच-सहा मिनिटांत उतरवली. एंटर. पासवर्ड मागितला. परीक्षकांनी दिलेल्या चिठ्ठीवर तो होता, आठ अक्षरांचा. काकांनी टाइप केला. काही उमटलं नाही, ते ठीकच.

चूक आहे, मशीन म्हणालं.

पुन्हा. चूक. तिसऱ्यांदा, एकेक अक्षर दाबून, ओठ हलवत. तीन वेळा चुकलात, असं सांगून मशीनने सगळं काम बंद केलं आणि रिकामी ओळ पुढे ठेवली.

नऊ मिनिटं उरली.  दुसऱ्याचं चुकतं तेव्हा त्याची बोटं दिसतात. स्वतःची चुकली की नाही, कसं कळणार? स्क्रीन काही सांगत नव्हता आणि कीबोर्ड तर मुकाच. चौथ्यांदा तेच करायला हात पुढे गेला.

आणि काका उठले.

खुर्ची तशीच ठेवून ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून त्यांनी कीबोर्डकडे बघितलं, जसं गेली सोळा वर्षं बघत होते. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. बाईंनी विचारलं की बरं वाटत नाही का. काकांनी ऐकलं नसावं.

"थांबा," ते खुर्चीला म्हणाले. "घाई करू नका. ओळ बरोबर आहे. चिठ्ठी बरोबर आहे. मग हाताखाली काय झालंय ते बघा." ते खुर्चीच्या पाठीवरून जरा पुढे वाकले. "तो वरचा हिरवा दिवा का लागलाय?"

कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात कॅप्स लॉकचा दिवा लागला होता. पासवर्डातला 'ए' शोधताना डावी करंगळी शेजारच्या कीवर टेकली होती, आणि तेव्हापासून सगळी अक्षरं मोठी होऊन जात होती. दुसरं कुणी बसलं असतं तर काकांना तो दिवा दारातून दिसला असता. बसल्यावर दिसत होती फक्त बोटं.

"कॅप्स काढा," ते म्हणाले, आणि मग लक्षात आलं की खुर्चीत कुणी नाही. ते पुढे झाले, बसले, कॅप्स काढला. वरच्या बाणाची की दाबून जुनी ओळ परत आणली. ही युक्तीही त्यांनी आजवर दुसऱ्यांनाच सांगितली होती. पासवर्ड. एंटर.

काळ्या खिडकीतून ओळी धावायला लागल्या.

त्या थांबल्या तेव्हा तीन मिनिटं उरली होती. सॉफ्टवेअर उघडलं, पांढरं, कोरं. परीक्षक म्हणाले की चालतंय हे दाखवायला काहीतरी लिहा, काहीही. काकांनी आजवर त्यात काही लिहिलं नव्हतं. पोरं 'हॅलो' लिहायची, पण त्याला कंस लागतो, कंसाला शिफ्ट लागते, शिफ्टला दुसरा हात. त्यांनी उजवीकडच्या आकड्यांवर बोट नेलं. सहा, अधिक, पाच. एंटर.

अकरा, असं मशीन म्हणालं.

"एवढंच?" परीक्षकांनी विचारलं.

"बरोबर आहे ना, सर?"

परीक्षकांनी घड्याळ बंद केलं. अठ्ठावन्न मिनिटं आणि वर काही सेकंद. मग ते फॉर्म भरायला लागले. तीन चौकोनांत तीन खुणा झाल्या, आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी ते जरा अडले. शेवटी काहीतरी लिहिलं आणि कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी मोठ्याने वाचला.

"'उमेदवार स्वतःशी बोलून काम करतो.' सर, हे पास आहे का नापास?"

"पास. तो नुसता शेरा आहे," परीक्षक म्हणाले. उठताना त्यांनी काकांकडे बघितलं. "तुम्ही उठलात तेव्हा मला वाटलं, तुम्ही सोडून चाललात."

काका म्हणाले, "मला बसून काही सुचत नव्हतं, सर."

बाईंनी लगेच त्यांना सांगितलं की पत्र यायला पंधरा दिवस लागतील, ऑफिसचं काम ते, पण दोनची बॅच आहे आणि तुम्ही आतच थांबा, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. मग त्या आपला मॅक उचलून निघून गेल्या.

काकांनी बाहेरच्या गॅलरीत येऊन बायकोला फोन लावला. ती ऑफिसात होती, फोन खांदा आणि कान यांच्यात धरून, काहीतरी तातडीचं टाइप करत. मागून कीबोर्डचा टकटकाट पावसासारखा ऐकू येत होता. बोला, म्हणाली, वकीलसाहेब डोक्यावर उभे आहेत.

"झालं," काका म्हणाले. "आतच राहणार."

टकटकाट बंद पडला. पलीकडे कुणीतरी पुरुषी आवाजात 'काय झालं, थांबलात का' असं विचारलं.  मग, आधीपेक्षा जरा जोरात, ती पुन्हा टाइप करायला लागली.