न दुखणारी पाठ

साइटवर त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये माणूस सकाळी चढला की संध्याकाळीच उतरतो; खालच्यांना त्याचा फक्त वॉकीटॉकीवरचा आवाज ठाऊक असतो. काँक्रीटची बादली कुठे अडली, सळ्यांचा भारा हवेत लटकला, की खाली कुणीतरी म्हणायचंच, "आता वरच्यांची इच्छा!" हा विनोद त्या क्रेनपेक्षा जुना होता.

वरच्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, हात. सळ्यांचा भारा ते मजल्यावर असा टेकवत, की शेजारी उभ्या माणसाला तो सावलीवरून कळावा, आवाजावरून नाही. दुसरी गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती, म्हणूनच सगळ्यांना माहीत होती: ते वर बाटली नेत नसत. बाकीचे ऑपरेटर नेत. लघवीसाठी एवढी शिडी कोण उतरणार? पण वरच्यांना ज्यांनी क्रेन शिकवली ते उस्ताद म्हणत, "ज्याला स्वतःचं धरवत नाही, त्यानं दुसऱ्याच्या डोक्यावर माल धरू नये." वरच्यांनी हे गुरुमंत्रासारखं पाळलं. सकाळी घोटभर चहा, मग दिवसभर घसा कोरडा आणि खालचं सगळं घट्ट. वारा सुटला की आणखी घट्ट. माल उचलताना श्वाससुद्धा धरलेला. अशी वर्षं गेली. शरीर बिचारं आज्ञाधारक. शिकवलं ते शिकलं, आणि मग काही केल्या विसरेना.

पन्नाशीच्या अलीकडेच त्यांची ताठरता गेली. आधी अधूनमधून, मग नेहमीच. क्रेन चालवणाऱ्याला हे व्हावं, यावर वाचकांना जे विनोद सुचत असतील ते वरच्यांनाही सुचले होते. त्यांना फक्त हसू आलं नाही. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. ते लवकर झोपू लागले, भिंतीकडे तोंड करून. बायको इस्त्रीच्या दुकानात कामाला होती, दिवसभर उभी. तीही थकलेली असे. पण थकलेलं माणूस आणि टाळलं गेलेलं माणूस यांत फरक असतो, आणि तो ज्याचा त्याला बरोबर कळतो.

खाली उभा राहून त्यांना हातवाऱ्यांनी दिशा दाखवणारा सिग्नलवाला जुना दोस्त होता. वरच्यांनी त्याला 'एका मित्राची अडचण' सांगितली.

"त्या मित्राला म्हणावं, लाजू नको," सिग्नलवाला म्हणाला. "मोबाइलवर सगळे व्यायाम असतात. लघवी अडवतो तसं आवळायचं, मग सोडायचं."

मित्राने यातलं आवळायचं तेवढं ऐकलं. केबिनमध्ये दिवसभर तोच उद्योग. थोड्याच दिवसांत बसताना दुखायला लागलं, लघवी थेंबथेंब होऊ लागली, आणि मूळ दुखणं होतं तिथून आणखी पुढे गेलं. शेवटी डॉक्टर. रक्त, साखर, हृदय, सगळं ठीक. गोळी दिली, तिने जेमतेम निम्मं काम केलं. मग डॉक्टरांनी त्यांना एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं.

बाईंच्या खोलीत मधोमध एक पडदा होता आणि पलीकडे कुणाचा तरी गुडघा कण्हत होता. बाईंचा चष्मा कपाळावर, आवाज खणखणीत. तपासणी कशी झाली ते वरच्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही. आपणही हातमोजा होता एवढंच सांगून पुढे जाऊ. मग बाईंनी एक वायर जोडली आणि समोरच्या मशीनच्या पडद्यावर एक रेघ उमटली.

"सोडा," बाई म्हणाल्या.

"सोडलंय."

"रेघ नाही म्हणतेय."

"मशीन बिघडलं असेल."

"अहो, सकाळपासून तिघांना बरोबर सांगितलंय त्यानं." बाईंनी चष्मा नाकावर घेतला. "हे बघा, ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. बऱ्याच लोकांची ढिली पडते, त्यांना मी आवळायला शिकवते. तुमची मूठ वळल्यासारखी आखडलीय, झोपेतसुद्धा तशीच असणार. मग तिथं रक्त खेळणार कसं? तुम्हाला सोडायला शिकायचंय. श्वास पोटातून. पाणी भरपूर. लागली की जायचं. वर बाटली न्या."

"बाटली नाही."

"बरं. मग घरी तरी सांगा. हे दोघांनी मिळून बरं करायचं दुखणं आहे."

"घरी नाही."

"मग उरला श्वास," बाई म्हणाल्या. "घ्या."

ते दर गुरुवारी लवकर सुटून जाऊ लागले. बायकोने विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "पाठ दुखते. फिजिओकडे जातो." पाठ हा सभ्य अवयव आहे, तिच्याबद्दल कुठेही बोलता येतं. पण ते ऐकून बायकोचा चेहरा असा उजळला, की वरच्यांना कोडं पडलं. दुसऱ्या दिवशी तिने मलमाची ट्यूब आणली. मग रोज संध्याकाळी ते पालथे पडत आणि ती इस्त्रीने तयार झालेल्या त्या हातांनी न दुखणारी पाठ चोळत असे. कित्येक महिन्यांत त्यांना कुणी इतका वेळ हात लावला नव्हता. व्यायामसुद्धा पाठीचाच म्हणून खपला. गुडघे पोटाशी घेताना ती ते धरून ठेवी आणि म्हणे, "सावकाश हो. घाई कसली?"

सुपरवायझरचे शर्ट तिच्याच दुकानात येत. एकदा तिने त्याला हात जोडून सांगितलं, "यांच्या पाठीचं बघा हो जरा. एवढी शिडी रोज चढतात." सुपरवायझर भला माणूस. भल्या माणसाने सेफ्टी ऑफिसरच्या कानावर घातलं.

सेफ्टी ऑफिसरने वरच्यांना पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं. सुपरवायझर होता, स्टोअरवाला होता, सिग्नलवाला दाराला टेकून उभा होता.

"पाठीच्या माणसाला मी वर पाठवू शकत नाही, काका."

"पाठीला काही झालेलं नाही."

"मग दर गुरुवारी तिथे काय करता?"

सगळे बघत होते. सिग्नलवाला जरा जास्तच लक्ष देऊन बघत होता. त्याला तो मित्र आठवला असावा. वरच्यांनी एक खरं वाक्य बोलायचा अवकाश, क्रेन त्यांचीच राहिली असती. त्यांनी माल उचलताना धरायचे तसा श्वास धरला.

"दुखते," ते म्हणाले. "पाठच आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते खाली उभे राहून हातवारे करू लागले. सिग्नलवाल्याला पलीकडच्या इमारतीवर धाडलं. वर नवा ऑपरेटर चढला, काखेत बाटली घेऊन. नाव मात्र 'वरचे'च राहिलं. नावाला शिडी उतरायला वेळ लागतो.

खाली एक सोय होती. नळ होता, संडास होता, अडवून धरायचं काही कारण नव्हतं. बाईंच्या मशीनवरची रेघ गुरुवारागणिक खाली येऊ लागली. बाई खूश झाल्या. एका सकाळी वरच्यांना जाग आली ती शरीर परत आल्याच्या जाणिवेने. ते बराच वेळ छताकडे बघत पडून राहिले. बायको कामावर गेली होती.

त्या संध्याकाळी ती पाठ चोळत असताना ते उशीत तोंड खुपसून म्हणाले, "आता नको चोळूस."

"का? थांबली?"

"दुखतच नव्हती कधी."

आणि मग, बाईंनी शिकवल्याप्रमाणे पोटातून श्वास घेत घेत, त्यांनी सगळं सांगितलं. तिचा हात पाठीवर होता तिथेच राहिला.

"मी त्या माणसापुढे हात जोडले," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं तुमची क्रेन गेली. आणि तुम्ही गप्प बसलात?"

"लाज वाटली."

"मला वाटायचं, तुम्हाला माझा वीट आलाय. रोज वाटायचं. मग तुम्ही पाठ म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्याची पाठ दुखते म्हणून आनंद झालेली बाई बघितलीत कधी?"

ती हसतेय असं वाटून त्यांनी मान वळवली. ती हसत नव्हती.

"आता बरा होतोय मी," ते म्हणाले.

"व्हा," ती म्हणाली. ट्यूबचं झाकण लावलं आणि साबणाने हात धुऊन आली. त्या रात्रीपासून भिंतीकडे तोंड तिचं.

वरच्यांनी सेफ्टी ऑफिसरला सांगून पाहिलं, पाठ ठणठणीत आहे. "पाठीचा भरवसा नसतो, काका," तो म्हणाला. नवा ऑपरेटर तोवर रुळला होता.

दिवसभर मान वर करून उभं राहायचं, हात उंचावून हलवायचे, ही सवय त्या शरीराला नव्हती. मानेखाली कळ यायला लागली, मग खांद्यांच्या मधोमध, मग कमरेपर्यंत. ट्यूब फळीवरच होती. त्यांनी एकदा स्वतः लावून पाहिलं. दुखायचं तिथे हात पोचला नाही.

बायको दुकानातून घरी आणलेल्या शर्टांना इस्त्री करत होती.

"अगं," ते म्हणाले, "पाठ दुखतेय."

"हो का," ती म्हणाली, आणि कॉलर उलटी करून तिच्यावर इस्त्री फिरवली.