कुंभार्ली घाटात जळालेले मानाचे नारळ

बहिणीच्या लग्नाचे नारळ मी जाळले. मुद्दाम नव्हे, मोटार चालावी म्हणून!

लढाईचे दिवस होते. पेट्रोल औषधालाही मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे भली मोठी भट्टी, आणि तिची काजळी प्रवाशांच्या तोंडावर! आक्काचं लग्न दुसऱ्या दिवशी सांगलीला होतं. पाहुण्यांना मानाचा नारळ द्यावाच लागतो. तो चुकला तर आमच्याकडे माणसं मांडवातून उठून जातात. आमचे वडील, आबा, म्हणाले होते, "सांगलीच्या बाजारात काय कमी हाय व्हय?" पण घरात माझ्या अकलेची कुणालाच कदर नव्हती. (अजूनही नाही!) मी छाती काढून म्हणालो, "आवं, थेट चिपळुणास्नं आणतो. बघत ऱ्हातील पाव्हणं!"

तर पहाटे चिपळूणहून निघालो. टपावर नारळांची दोन पोती, खाली ऐटीत मी. कुंभार्ली घाटाच्या मध्यावर मोटारीनं मोठा उसासा टाकला आणि ती थांबली.

"कोळसा खलास!" ड्रायव्हर बाबूभाई म्हणाला. "करवंट्या असत्या, तर झ्याक पेटल्या असत्या."

सगळे प्रवासी माझ्या पोत्यांकडे बघू लागले.

"लग्नाचं नारळ हायती!" मी ओरडलो.

"आन् नारळ हितंच ऱ्हायलं तर?" शेजारचा पैलवान म्हणाला. "लगीन काय घाटात लावणार हायस, गड्या?"

मुद्दा बिनतोड होता. मी तोड काढली: करवंट्या भट्टीला, खोबरं घरी. निदान आचारी तरी खूश होईल! पहिला नारळ दगडावर आपटणार, तोच एक म्हातारी कडाडली, "देवाचं नाव न घेता फोडतोस व्हय रं मुडद्या?"

घेतलं नाव. नाव घेतल्यावर खोबऱ्याचा प्रसाद झाला आणि प्रसाद वाटावाच लागतो! पुढचा नारळ म्हातारीच्या कुलदैवताला, त्यापुढचा पैलवानाच्या मारुतीला. बाबूभाईनं एक पिराला फोडला. चढ वाढला तशी भक्तीही वाढली.

"आता उतार हाय की वं!" मी काकुळतीला येऊन म्हणालो.

"म्हणून काय म्हसोबाला इसरायचं?" तोंडात खोबरं कोंबत पैलवान म्हणाला.

कराडला कोळसा मिळाला. तोवर शेवटचा नारळ फुटला होता.

दिवेलागणीला सांगलीत पोचलो. पेठेत टांग्यांची गर्दी, मांडवात सनई, आणि दारात मी, काळ्या तोंडाचा, काखेत दोन रिकामी पोती. ती बघून आक्काच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रडू नगंस पोरी," आबा शांतपणे म्हणाले. "ह्यो चिपळूणला गेला, त्याच दिशी मी बाजारातनं नारळ आणून ठिवल्यात."

दुसऱ्या दिवशी लग्न थाटात लागलं. घाटातली माझी कीर्ती तोवर वरपक्षातही पोचली होती. नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळण्याचा मान माझा. मी तो जरा जोरातच पिळला. नवरदेवानं रिवाजाप्रमाणे माझ्या डोक्यावर फेटा ठेवला. मग नारळासाठी मी ओंजळ पुढे केली.

नवरदेवानं नारळ उचलला, माझ्याकडे बघितलं आणि परत ताटात ठेवला.

"ह्यो आमच्यापाशीच असू द्या, मेव्हणं. वरातीची मोटार बी कोळशावरचीच हाय!"