कपडेपटातला हिरवा शालू

आमच्या मावशीच्या यजमानांइतके सिनेमे उभ्या गिरगावात कुणी पाहिले नसतील, आणि त्यांतल्या एकाचीही गोष्ट त्यांना सांगता यायची नाही. नायक कोण, नायिका का रडते, या भानगडींत काका पडतच नसत. ते कपडे बघत. दादरच्या एका स्टुडिओचा कपडेपट त्यांच्या ताब्यात होता, त्यामुळे पडद्यावरचं प्रत्येक धोतर त्यांच्या ओळखीचं असे. महाराज मरणशय्येवर आहेत, अख्खं थिएटर हुंदके देतंय, आणि आमचे काका खणखणीत आवाजात म्हणणार, "हा अंगरखा गेल्या खेपेला वजिराचा होता बरं का! काखेत उसवलाय, म्हणून हात वर करत नाहीत." मागून कुणी "ओ काका, गप बसा ना!" म्हणून ओरडलं, की ते वळून त्याच्या सदऱ्याची शिलाई बघत.

काकांच्या मते कपड्यालाही नशीब असतं. एक मखमली झगा त्यांच्या हाताखाली राजाचा सरदाराचा झाला, सरदाराचा भालदाराचा, आणि शेवटी विदूषकासाठी त्याच्या टोप्या शिवाव्या लागल्या. त्या दिवशी काकांनी जेवताना गोडाला हात लावला नाही. मावशी म्हणाली, "माझ्या वडलांच्या तेराव्याला मात्र चार लाडू खाल्ले होते."

अशा माणसाच्या पोरीनं हट्ट धरावा तोही कपडेपटातल्याच शालूचा! कुसुम, माझी मावसबहीण, लहानपणी एकदा स्टुडिओत गेली होती, तेव्हाच तो हिरवागार बनारसी शालू तिच्या मनात भरला. पडद्यावर तो बिचारा राखाडीच दिसे. बेळगावचं स्थळ आलं, लग्न ठरलं, आणि तिनं सांगून टाकलं, "बाबा, नेसेन तर तोच."

काका पांढरेफटक पडले. "अगं, तो चार वेळा विधवा झालाय!"

खोटं नव्हतं ते. चार चित्रपटांत चार नायिका तो नेसून बोहल्यावर चढल्या आणि चौघींचे नवरे मध्यंतराच्या आत गेले. मावशी म्हणाली, "अहो, तेच नवरे संध्याकाळी तुमच्याबरोबर भजी खातात ना?" पण काका हलेनात आणि कुसुम नीट जेवेना. शेवटी त्यांनी तोड काढली. दिग्दर्शकाला गाठलं.

"पुढच्या चित्रपटातल्या नवरीला हाच शालू द्या. नवरा मरत नाही ना?"

"अहो, विनोदी चित्रपट आहे!"

"विनोदीतही मरतात."

यापायी लग्न पुढच्या वैशाखावर गेलं. बेळगावकरांना कारण सांगितलं, मुंबईत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चालू आहे. तीही चालू होतीच म्हणा. लालबाग-परळ मोर्च्यांनी दणाणत होतं.

चित्रपट लागला त्या दिवशी काकांनी जन्मात पहिल्यांदा गोष्ट पाहिली. मधूनच माझं मनगट धरून विचारायचे, "हा खोकला कसला रे? साधाच ना?" साधाच होता. नवरा धडधाकट राहिला, शेवटी पाळणासुद्धा हलला. घरी येऊन काकांनी देवापुढे साखर ठेवली आणि मालकांकडून शालू मागून आणला. तो नेसून कुसुम इतकी गोड दिसली की मंगलाष्टकं संपेस्तोवर काकांना मान वर करता आली नाही. दुसऱ्या दिवशी शालू कपडेपटात परत गेला, आणि "बेळगाव काय, आज ना उद्या आपल्यातच येणार," असं म्हणत काकांनी लेकीला गाडीत बसवलं.

महाराष्ट्र झाला, बेळगाव तिकडेच राहिलं. तोवर काकांनी नोकरी सोडली होती, कपडेपट दुसऱ्याच कुणाच्या हाती गेला होता. एकदा आम्ही परळला सिनेमाला गेलो. लग्नाचा प्रसंग आला आणि नायिका तोच शालू नेसून बोहल्यावर उभी राहिली. काका शालू सोडून नवऱ्याकडेच बघू लागले. पुढे नवरा पेटी घेऊन बोटीवर चढला, आभाळ भरून आलं, तसे काका उठलेच.

"चल."

"अहो काका, अजून मध्यंतरसुद्धा झालं नाही!"

ते बाहेर पडलेसुद्धा. मी मागोमाग गेलो तर फुटपाथवर उभे राहून चष्मा पुसत होते.

"कुसुम बरी आहे ना?" मी घाबरून विचारलं.

"मजेत आहे. दिवस गेलेत तिला."

"मग?"

"पोर इतकी लांब आहे रे," काका म्हणाले. "इथे बसून बघवत नाही."